भिकूशेठचा कोकमी बंपर

बंपर काळाच असतो, हे महाडात दोन हजार दोन सालापर्यंत सगळे धरून चालले होते. गाडी लाल असो की पांढरी, पुढे-मागे प्लास्टिकचा काळा बंपर असायचाच. कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार आणली ती भिकूशेठने, तीही थेट मुंबईहून.

भिकूशेठ मूळचे उमरठच्या वरच्या वाडीचे. खरे तर शेठबिठ काही नव्हते. बावीस वर्षं मुंबईत एका शेठची गाडी हाकली आणि गावी परतताना त्या शेठची जुनी मारुती आणि ‘शेठ’ ही पदवी, दोन्ही सोबत घेऊन आले. गाडीचा रंग कोकमाच्या आगळासारखा, गडद लालजांभळा. बंपर मात्र काळे, आणि गावी आले तेव्हा उन्हातान्हात राहून पांढुरके पडलेले.

“मुंबईत आता सगळ्या नव्या गाड्या बॉडी कलर,” श्रावणातल्या एका दुपारी नाथूमामाच्या गॅरेजात उतरून ते म्हणाले. “बंपर, आरसे, मडफ्लॅप, एकदम मॅचिंग. अपने को भी वैसाच मंगता. जमंल का रे?”

हा प्रश्न चांगूला होता. चांगू म्हणजे नाथूमामाचा भाचा, नाते गावच्या डोंगरावरच्या वाडीतला, वय सव्वीस. हायवेच्या कडेच्या त्या गॅरेजात मामा पत्रे ठोकायचा आणि भाचा रंग मारायचा. चांगूचा हात चांगला होता, डोळा त्याहून चांगला. कुठल्याही गाडीचा रंग बघून तो डब्यातून तसाच्या तसा काढायचा. पण आजवर त्याने रंगवलं होतं ते लोखंड. प्लास्टिकला त्याने कधी ब्रशसुद्धा लावला नव्हता.

“जमंल की,” चांगू म्हणाला.

का म्हणाला, हे मामाला लगेच कळलं. गॅरेजच्या भिंतीला भिंत लावून एक एसटीडी बूथ होता आणि त्यात श्रुतिका बसायची. श्रुतिका ही भिकूशेठची मुलगी. गेलं वर्षभर चांगूला फोन करायचा रोग जडला होता. फोन करायला कुणी नव्हतंच, म्हणून तो बूथवरून गॅरेजलाच फोन लावायचा. मामा काम टाकून, हात पुसून, रिसीव्हर उचलून ओरडायचा, “हॅलो, कोन?” आणि त्याला भाच्याचा आवाज फोनमधून एकदा आणि भिंतीतून एकदा असा दोनदा ऐकू यायचा. श्रुतिका काचेआड तोंडावर ओढणी धरून हसायची. अशा हसण्यावरून काय समजायचं ते चांगूने समजून घेतलं होतं, आणि त्याचं ते चुकलं नव्हतं. गणपतीत मामाने भिकूशेठकडे दर्शनाला जायचं आणि विषय काढायचा, इथपर्यंत ठरलेलं होतं.

आता असा सासरा बंपर घेऊन दारात आल्यावर ‘जमणार नाही’ म्हणेल तो चांगू कसला!

त्याने जीव ओतला. बंपर काढून धुतला, पॉलिश पेपर मारला, पत्र्याला लावतात तो प्रायमर लावला आणि स्प्रे गनने कोकमी रंगाचे तीन हात दिले. रंग असा मिळाला की बॉडी कुठे संपते आणि बंपर कुठे सुरू होतो ते कळेना. गणपतीच्या आदल्या दिवशी भिकूशेठ गाडी न्यायला आले आणि पाच मिनिटं नुसते बंपरवर तळहात फिरवत राहिले. मग मूर्ती मागच्या सीटवर बसवून, “मोरया” म्हणून निघाले.

महाड ते पोलादपूर अठरा किलोमीटर. पहिल्या पाचांत काही झालं नाही. सहाव्यात बंपरच्या कोपऱ्याची एक कपची वाऱ्याने उचलली. पोलादपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्या कोपऱ्यावर वीतभर लांब कोकमी पट्टी फडफडत होती आणि लोक ती कसली निशाणी म्हणून विचारत होते. खड्ड्यांत बंपर लचकला की रंग तडकायचा, आणि तडकला की वारा सोलायचा. उमरठ येईपर्यंत अर्धा गेला, वाडीचा चढ चढताना करवंदीच्या जाळ्यांनी बाकीचा ओढून घेतला. गणपतीबाप्पा अगदी थाटात उतरले. पण वाडीतली पोरं बाप्पाकडे न बघता बंपरकडे बघत ओरडली, “भिकूकाकाच्या गाडीनी कात टाकली रे!”

हे चांगूला ठाऊक नव्हतं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून, मामासोबत, हातात नारळ घेऊन वर गेला. दारातच गाडी उभी होती. तिचा सोललेला बंपर बघून त्याने नारळ मामाच्या हातात दिला.

भिकूशेठने दोघांना चहा दिला. त्यात कसूर नाही. मग मामाने घसा खाकरून विषय काढला आणि भिकूशेठने कप खाली ठेवला.

“नाथू, तू मानूस चांगला हाईस. पन ज्याचा रंग महाडवरनं पोलादपूरपर्यंत टिकत नाय, त्याच्या घरात माझी पोरगी किती दिवस टिकंल?” ते म्हणाले. “बोरिवलीचा एक मुलगा हाय. कंपनीत परमनंट. मी त्याला हो बोलनार हाय.”

चांगूला वाटलं आपणही त्या बंपरसारखे सगळ्यांसमोर सोलून निघालो. पण मामा ठोकठोक करून वाकडं सरळ करणारा माणूस. तो हटला नाही. “एकदा चुकला पोर. एक डाव देवाला, एक डाव गड्याला. पुन्हा रंगवू दे,” म्हणून बसूनच राहिला. शेवटी दोन कप चहानंतर भिकूशेठ वाकले.

“ठीक हाय. दिवाळीच्या पाडव्याला आमी गुरं ववाळतो. अख्खी वाडी जमते. त्या दिवशी माझी गाडी गुरांच्या रांगेत उभी ऱ्हाईल. सांजपर्यंत रंग टिकला, तर बोलू. एक कपची जरी उडाली, तर बोरिवली.”

दुसऱ्या दिवशी चांगू बूथवर गेला तो फोन न करताच नुसता उभा राहिला. श्रुतिकाने त्याच्याकडे पाहिलं, ओठ चावले, आणि तिला हसू आवरेना.

“तुला हसाया येतंय?”

“तुला एक सांगू? चिडनार नाय ना?” ती म्हणाली. “आये रोज त्या बंपरला खोबरेल लावत होती.”

“काय?”

“गाडी आल्यापास्नं. बोलली, शिंगं कोरडी पडली का तेल लावाचा असतो, ही बिचारी पन कोरडी पडलेय. सकाळी बैलांच्या शिंगांना लावाची आन् तोच हात गाडीला. चांगला काळा कुळकुळीत झालेला.”

चांगूने कपाळावर हात मारला. श्रुतिकाची आई प्रयागबाई! अख्ख्या कोकणपट्टीत गाडीच्या बंपरला बैलाच्या शिंगाची माया लावणारी ही एकच बाई, आणि ती नेमकी त्याची होणारी सासू. तीन आठवडे मुरलेल्या तेलावर कुणाच्या बापाचा रंग बसणार होता?

त्याला वाटलं, चला, रोग सापडला. त्याने अडगळीतला एक जुना बंपर घेतला, साबणाच्या पावडरने घासला, थिनरने पुसला, रंगवला. रंग झकास धरला. मग त्याने बंपर गुडघ्यावर ठेवून वाकवला. कट्! बरोब्बर मधोमध भेग गेली. तेल हे अर्धंच दुखणं होतं. पत्रा वाकत नाही आणि त्याचा रंगही वाकत नाही. प्लास्टिक मात्र लचकणार, रबर मुरडणार, आणि वरचा रंग ताठ राहिला की तडकणार. रंगालाच लचकायला शिकवायला हवं होतं, आणि ते कसं शिकवायचं हे महाडात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस मुंबईची एक नवी गाडी पंक्चर काढायला थांबली. बंपर बॉडी कलर! चांगू तिच्यासमोर उकिडवा बसला आणि बंपरला अंगठ्याने दाबू लागला. ड्रायव्हर भला होता. तो म्हणाला, “अरे, रंगात घालायचं औषध मिळतं, रंग लवचिक होतो. पनवेलला विचार.” चांगू दुसऱ्याच दिवशी एसटीने पनवेलला गेला आणि औषधाचा डबा छातीशी धरून आला. किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं होतं. पण डब्यावरून दुकानदाराच्याच हातचा पांढरा रंग ओघळला होता आणि नेमका तो मजकूर त्याखाली गेला होता.

म्हणजे प्रमाण आपणच शोधायचं. त्यासाठी पाहिजे सारखं वाकणारं रबर. चांगूने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर स्वतःच्या पायावर गेली. हवाई चप्पल! पावलापावलाला वाकते, आणि दिवसाला हजारदा वाकते.

त्या दिवसापासून चांगू कोकमी चपला घालून महाडभर फिरू लागला. रात्री रंगवायच्या, दुपारी घालायच्या, आणि गॅरेज ते एसटी डेपो, डेपो ते बाजार, बाजार ते चवदार तळं, असा फेरा मारून यायचा. पहिल्या जोडीत औषध कमी पडलं. बाजारातून जाताना मागे लाल-जांभळ्या कपच्या पडत गेल्या. तळ्याजवळ भाजीवाल्या बनुबाईने ते बघितलं, त्याला दंडाला धरून बसवलं आणि काही बोलू न देता पायाला फडकं बांधलं. “मेल्या, एवढं रगत गळतंय आन् चालतोस कसा?” चांगूने सांगायचा प्रयत्न केला, पण तिने त्याला मीठ-हळदही लावली.

तिसऱ्या जोडीत औषध जास्त झालं. रंग तडकला नाही, पण वाळलाही नाही. डेपोतून परत आला तेव्हा चपलांना एसटीची चार तिकिटं, शेंगदाण्याची टरफलं आणि कोंबडीचं एक पीस चिकटलेलं होतं. मामा खुर्चीतून पडेपर्यंत हसला. पाचव्या जोडीचा रंग बरा होता, पण फक्त उजव्या पायाचा टिकला. चमच्याने औषध मोजून मोजून चांगूला आता झोपेत चमचे दिसायला लागले होते. नवरात्र आलं, आणि मामाच्या पाण्याची बादली, डब्याचं झाकण, कंगवा, सगळं कोकमी होऊन बसलं होतं. “आता मला नको रंगवू म्हंजे झाला,” मामा म्हणायचा.

आठवी जोडी मात्र चार दिवस टिकली. चांगू बूथवर नाचत गेला, चप्पल काढून काचेवर ठेवली आणि वाकवून दाखवली. भेग नाही, सुरकुती नाही.

श्रुतिकाने चप्पल उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाली, “महाड सपाट हाय.”

“मंग?”

“गाडीला वाडी चढाची हाय. तू कुठं चढलास? माझ्यासाठी कर एक जोडी. मी रोज उतरत्येय, रोज चढत्येय.”

तिच्या पावलाचं माप हवं म्हणून चांगूने पॉलिश पेपरचा तुकडा पायरीवर ठेवला. तिने त्यावर पाऊल ठेवलं आणि त्याने पेन्सिलने कडेकडेने रेघ ओढली. पेन्सिल अंगठ्याजवळ आली तेव्हा त्याने वर तिच्याकडे बघितलं आणि तिथे रेघ वाकडी गेली. ती हसली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यासमोर असताना हसली नाही, आणि चांगूला त्या क्षणी इतकं सुख झालं की पेन्सिल कुठे पडली तेही त्याला कळलं नाही.

दसऱ्याला तिने कोकमी चपला पायात घातल्या. मग रोज सकाळी ती एसटीतून उतरली की बूथच्या पायरीवर पाऊल टेकायची आणि चांगू गुडघ्यावर बसून, वाकून, चपलेचा वाकण्याचा भाग डोळ्यांजवळ नेऊन तपासायचा. रस्त्याने जाणारे थांबायचे. “लग्नाआधीच पाया पडाया लागला,” मामा गॅरेजातून ओरडायचा. चिखल, दगड, दव, एसटीची गर्दी, वाडीचा खडा चढ, सगळं झालं. चपला झिजल्या, रंग हलला नाही.

तेव्हा कुठे चांगूने भिकूशेठचे बंपर हातात घेतले. तीनदा गरम पाण्याने आणि साबणाने तेल काढलं, थिनरने पुसलं, पेपर मारला, रंगात औषध मोजून घातलं. या वेळी आरसे आणि मडफ्लॅपही केले. भिकूशेठ गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी बंपरवर हात फिरवला नाही. “पाडव्याला बघू,” एवढंच म्हणाले.

पाडव्याला मामा-भाचे भल्या सकाळी वाडीवर हजर. अंगणासमोर गुरं रांगेत उभी होती. गळ्यांत झेंडूच्या माळा, अंगावर पेल्याच्या काठाने उठवलेली गेरूची वर्तुळं. आणि रांगेच्या शेवटी, झेंडूची माळ घालून, बॉनेटवर गेरूचं एक वर्तुळ मिरवत मारुती. बंपर असा चकाकत होता की त्यात समोरचं अख्खं आवार दिसत होतं.

प्रयागबाई खोबरेलाची वाटी घेऊन एकेका बैलाच्या शिंगांना तेल लावत येत होत्या. रांग संपली, तशा त्या सवयीने गाडीकडे वळल्या. चांगूने अशी उडी मारली की गाडीवरची झेंडूची माळ तुटली. “काकी, तिला नको! तिला नको!” तो दोन्ही हात पसरून बंपरसमोर उभा राहिला.

“बरा बाबा,” प्रयागबाई म्हणाल्या, “मंग पवळ्याला दोनदा लावते.” आणि उरलेली वाटी त्यांनी पवळ्या बैलाच्या शिंगांवर रिकामी केली.

पाठोपाठ भिकूशेठ आले. दरवाजाला लावून उरलेला निळा ऑइल पेंट आणि एक ब्रश घेऊन त्यांनी पवळ्याची शिंगं जातीने रंगवली. रंगवता रंगवता चांगूकडे बघून म्हणाले, “बघून घे. रंग असा मारतात. चपला घालून महाडभर नाचाची गरज नाय.” वाडी हसली. चांगूनेही कसंनुसं हसून घेतलं.

गुरं ओवाळून झाली. दुपार टळली. बंपरवर एक ओरखडा नव्हता आणि चांगू घटका मोजत होता. चार वाजता ढोल वाजवत गुरं सोडली. पवळ्या डुलत डुलत निघाला, गाडीपाशी आला आणि थबकला. बंपरमध्ये त्याला एक बैल दिसला. निळ्या शिंगांचा, झेंडूची माळ घातलेला, डोळे वटारून आपल्याचकडे बघणारा.

पवळ्याने मान खाली घातली. समोरच्यानेही घातली. हा अपमान पवळ्याला सोसवला नाही.

धाड! बंपर हातभर आत गेला. ढोल थांबला. पवळ्याने मान हिसडून शिंगं घासली, फुरफुरला, आणि मागे सरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ‘डब्’ असा आवाज झाला आणि बंपर होता तसा बाहेर आला. पण त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भला मोठा निळा पट्टा उमटला होता.

“गेला!” भिकूशेठ दोन्ही हात वर करून ओरडले. त्यांना आनंद झाला की दुःख, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “रंग गेला! बोललो होतो मी!”

चांगू मटकन खाली बसला. त्याला बोरिवली दिसू लागली, जिथे तो कधी गेलाही नव्हता.

श्रुतिका पुढे आली. ओढणीचं टोक हातात घेतलं आणि निळ्या पट्ट्यावरून फिरवलं. निळा रंग ओढणीवर आला. खालून कोकमी बंपर निघाला, जसाच्या तसा, अखंड. तिने ओढणी सगळ्यांना दाखवली आणि मग पवळ्याकडे बोट केलं.

पवळ्याची शिंगं बोडकी होती. तेलावर मारलेला भिकूशेठचा ऑइल पेंट सालीसारखा निघून गेला होता, आणि एक लांब निळी चिंधी बैलाच्या कानावर लोंबत होती.

आधी मामा हसला. मग प्रयागबाई हसल्या, त्या वाटी हातातून पडेपर्यंत. मग अख्खी वाडी हसली, म्हातारे दगडांवर टेकले, पोरं पवळ्याभोवती “कात टाकली रे” करत नाचली, आणि चांगू उठून कुणाच्या तरी गळ्यात पडला. तो बैल होता, पण त्याचं त्याला भान नव्हतं.

भिकूशेठ तेवढे हसले नाहीत. बंपर दाबून पाहिला, नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाले, “मान्य. आज टिकला. पन एक दिस टिकून काय होतंय? संसार काय एका दिसाचा असतो? मुंबईत बघितलेत मी असले रंग. पंधरा दिवसांत फुगतात.”

श्रुतिकाने पायातली चप्पल काढली. टाच झिजून पातळ झाली होती, अंगठ्याखाली खोलगा पडला होता. तिने ती वडिलांच्या हातात दिली.

“वाकवा,” ती म्हणाली.

भिकूशेठने चप्पल वाकवली. टाच अंगठ्याला लागेपर्यंत वाकवली. सोडली. पुन्हा वाकवली. रंगाला भेग नव्हती.

“ही कवापास्नं घालतेस?”

“दसऱ्यापास्नं. रोज उतरत्येय, रोज चढत्येय. वाडीपास्नं उमरठ, उमरठपास्नं वाडी. तुमी माझ्या पायांकडं बघितलात कवा?”

भिकूशेठने चप्पल उलटवून झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्याची गाडी पुसली होती. तेवढ्या वर्षांत पोरगी कधी एवढी झाली आणि किती चढ चढली, हे त्यांनी खरंच पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज खाली आला.

“त्या बोरिवलीवाल्याचा नंबर तुझ्या बूथवर हाय ना गो?” ते म्हणाले. “उद्या लावून दे. मी त्याला नाय बोलतो.”

“लावला मी,” श्रुतिका म्हणाली. “दसऱ्यालाच. चपला पायात घातल्या आन् लावला.”

“आन् रंग उडाला असता तर?”

“तर पुन्हा रंगवल्या असत्या.”

भिकूशेठने चांगूकडे पाहिलं. तो अजून पवळ्याच्या गळ्यात होता आणि त्याच्या नव्या शर्टाला निळा रंग आणि खोबरेल लागलं होतं. मग भिकूशेठ खाली वाकले, चप्पल जमिनीवर ठेवली आणि मुलीच्या पावलासमोर नीट सरळ केली.